वाट्याने दिलेलं झाड

काशिनाथ मिस्त्री मला लबाड समजत असत. समजोत. धंद्यात मला लबाड म्हणणारे ते एकटे नव्हते, आणि म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांशी पुढे माझं उत्तम जमलं. माझी तक्रार वेगळी आहे. ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही, कारण सांगायला लागलो की ऐकणारा अर्ध्यावरच मिस्त्रींच्या बाजूचा होतो. तुम्हीही व्हाल. तरी सांगतो.

कामतघर या आमच्या लूमवाल्या वस्तीत त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. कापड विणायच्या लूमची मोटार जळली की मालक ती मिस्त्रींकडे टाकायचा. मिस्त्री तिच्यातली जळकी तांब्याची तार ओढून काढायचे, नवी तार गुंडाळून बसवायचे आणि मोटार परत द्यायचे. चाळीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. दुकानात दोन खुर्च्या होत्या, पण स्वतः ते एका मोठ्या मोटारीचं रिकामं कवच उलटं ठेवून त्यावर बसत. बोलताना समोरच्याकडे बघत नसत, हातातल्या कामाकडे बघत. लूमचा मालक असो की गाठी उचलणारा हमाल, सगळ्यांना अरेतुरे. मला 'शेट' म्हणत, पण त्या शेटला लागून लगेच 'तू' यायचंच.

कशालाही हात लावायचा तर आधी बोटांची मागची बाजू लावायची, ही त्यांची सवय. वीजवाल्यांची असते ती. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागे येतो, मुठीत चिकटून राहत नाही. पण मिस्त्री चहाच्या ग्लासालाही उलटी बोटं लावत, दाराच्या कडीलाही, आणि झाडाच्या फांदीलाही.

हो, झाडाच्या. दुकानाच्या वर जी पत्र्याची गच्ची होती, तिथे त्यांची बुटकी झाडं होती. बोन्साय हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ठाण्याला एका बंगल्यात पंपाची मोटार दुरुस्त करायला गेले होते. तिथले म्हातारे साहेब कुंडीतल्या झाडाला तार गुंडाळत बसलेले. मिस्त्रींनी काम सोडून थोडा वेळ ते बघितलं आणि म्हणाले, "सायेब, तुमची तार झोपलीय. अशी ढिली गुंडालून ती कायबी धरनार न्हाय." साहेबांनी तार त्यांच्या हातात दिली. मोटार दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.

आमची गाठ पडली दापोड्याला. सुताला खळ लावायच्या एका बंद पडलेल्या सायझिंग कारखान्याची जागा मी घेतली होती, गोडाऊन बांधायला. जागेच्या फाटकाशी एक जुनी मोरपंखी होती. शाळांच्या आणि दवाखान्यांच्या अंगणात हातपंख्यासारख्या चपट्या हिरव्या पानांचं झाड असतं ना, तेच. ट्रकांच्या धडका खाऊन ती एका बाजूला कलली होती. बुंधा मांडीएवढा, वरचा अर्धा भाग वाळलेला, आणि खालची एकच लांब फांदी रस्त्याकडे गेलेली. जेसीबी आणून मी ती उपटायला सांगितलं. मिस्त्री त्या दिवशी विहिरीवरची जुनी मोटार काढून न्यायला आले होते. ते आले आणि जेसीबीच्या पुढ्यात उभे राहिले.

"ह्ये कुनाचं?"

"माझं. का?"

"मला दे."

मी सोळाव्या वर्षापासून घेणं-विकणं करतो. जी वस्तू आपण फेकायला निघालो ती कुणी मागितली, तर त्या क्षणापासून तिला भाव येतो. मी विचारलं, "काय देता?"

"देयाला काय न्हाय माज्याकडं."

"मग वाट्याने घ्या."

आमच्या अंबाडी गावाच्या बाजूला शेळी वाट्याने देतात. शेळी माझी, सांभाळायची तुम्ही, करडं झाली की निम्मी-निम्मी. मी टोमणा म्हणून बोललो होतो. मिस्त्रींनी तो सौदा म्हणून घेतला.

"चालंल. अर्धं तुजं, अर्धं माजं." मग जेसीबीवाल्या भय्याकडे मान वळवून, "तू गवाह है, क्या?"

भय्या हसायला लागला. "चाचा, बकरी तो बच्चा देगी. ये पेड़ क्या देगा?"

"तेरेको क्या करना है? इंजन बंद कर."

ते झाड त्यांनी दोन दिवस खणलं. मुळांभोवतीची माती पडू नये म्हणून ओली गोणपाटं गुंडाळली, सुतळीने आवळली. जेसीबी उभा, माझे कंत्राटदार उभे, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मिस्त्री खड्ड्यातून वर न बघता एवढंच म्हणाले, "वरड शेट. तुला तेवडंच काम हाय आज."

झाड गच्चीवर गेलं. वरचा वाळलेला भाग कापून एका फुटक्या लाकडी खोक्यात त्यांनी ते बसवलं आणि दीड वर्ष त्याला हात लावला नाही. मी दर महिन्याला बघायला जायचो. माझा अर्धा वाटा होता त्यात, मी जाणारच.

"तार कधी लावणार?"

"आधी जगू दे."

"जगलंय की. हिरवं आहे."

"ह्याच्या हिरव्यावर जाऊ नको. वड तोडला तर परत फुटतो. ह्याची जात तशी न्हाय. उघड्या लाकडातनं ह्यो फुटत न्हाय. फांदीवरचं हिरवं गेलं का फांदी गेली. आनि मेल्यावर पन म्हयनाभर हिरवाच ऱ्हातो, मानसाला फसवायला."

मला ते झाड आवडत होतं असं नाही. मला त्याचं काय होणार ते आधी कळायला हवं होतं. गोडाऊनचं तसं नसतं. पाया बघितला की छप्पर दिसतं. इथे मी बघायचो आणि मला काहीच दिसायचं नाही. त्याचाच राग यायचा, आणि राग आला की मी पुन्हा जायचो.

तार लावायला घेतली तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. तार विकतची नव्हती. जळक्या मोटारींतून निघालेली तांब्याची तार ते जाडीप्रमाणे वेगळी करत, गवताच्या जाळात तापवत, पाण्यात विझवत. त्याने तांबं मऊ होतं. मऊ तार हाताने हवी तशी वळते, आणि एकदा वळली की कडक होऊन फांदीला तशीच धरून ठेवते. बुंध्यापासून सुरुवात, तिथून फांदीकडे, मग टोकाकडे. वेढे तिरपे, सारख्या अंतराचे, एका तारेवरून दुसरी कधी नाही. झाडाच्या अंगावर ती तार मी पाहिली तेव्हा मला मोटारीचं आतलं भरणं आठवलं. तितकीच नीट होती. पान एक दबलेलं नव्हतं.

पण फांदी वाकवायची ती फक्त शुक्रवारी. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीच्या दिवशी कामतघरात शेजारच्याशी बोलायचं तर कानात तोंड घालावं लागतं. मिस्त्री फांदीला आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत, उलट्या बोटांनी चाचपत, मग कान फांदीशी नेऊन ती हळूहळू खाली दाबत. आतले धागे ताणले की बारीक आवाज येतो म्हणे. तो यायच्या बेताला थांबायचं. तो आला तर उशीर झाला.

एका शुक्रवारी मी तिथे असताना जुबेरभाई म्हणून एक लूमवाले जिन्याने धापा टाकत वर आले. "मिस्त्री, मेरी मोटर..." मिस्त्रींनी एक बोट वर केलं. जुबेरभाई जिथे होते तिथे थिजले. पाच-सात मिनिटं एवढा जाडजूड माणूस श्वास आवरून उभा. मिस्त्रींनी हात काढला तसं त्यांनी हळूच विचारलं, "बच गया?"

"कौन?"

"मेरेको क्या मालूम. जो भी था."

मिस्त्रींना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

ती खालची लांब फांदी त्यांनी लागोपाठ तीन शुक्रवार घेऊन वाकवली. आडवी जाणारी होती, ती बुंध्याला वळसा घालून खाली उतरवली, जणू कड्यावरून कुणी वाकून बघतंय. ती झाली आणि मला प्रथमच झाड दिसलं. दोन हात उंचीचं, पण शंभर वर्षं वारा खाल्लेलं. मी लगेच वाट्याचं काढलं. "मिस्त्री, आता हे अर्धं कसं करायचं?"

त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "झाडाला तोंड असतं आनि पाठ असती. तोंड तुजं. लोकं तोंड बगतात, तू लोकांत दाखव. पाठ माजी. मी मागनंच काम करतो."

मला वाटलं, म्हातारा फसला.

जानेवारीत एक मोठी कंपनी माझं दापोड्याचं सगळं गोडाऊन एकत्र भाड्याने घ्यायला तयार झाली. बोलणी करायला पुण्याच्या एक मॅडम येत. फोनवर त्या कुणाला तरी आपल्या गच्चीचे फोटो दाखवत होत्या, तेव्हा मी बाजूने बघितलं. सगळी बुटकी झाडं! मी मनात ठरवून टाकलं. शेवटच्या बैठकीला ही मोरपंखी माझ्या टेबलावर पाहिजे. सात वर्षांचा करार होता. माझ्यासारख्या लूमवर सुताच्या कांड्या भरत वाढलेल्या पोराला तो पुन्हा मिळणार नव्हता.

मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. "तोंड तुजं हाय, ने. पन तार काढू नको. अजून बसली न्हाय ती."

"तारेसकट कसं ठेवू? प्लास्टर घातलेल्या पेशंटसारखं दिसतं."

त्यांनी खालच्या फांदीला उलटी बोटं लावून बघितलं. "मंग खालच्या फांदीची ऱ्हाऊ दे, वरची काढू. मी येतो सकाळी. कापून काढतो. तू हात लावू नको."

बैठक अकराला होती. दहा वाजले, साडेदहा झाले, मिस्त्री नाहीत. रस्ता नेहमीसारखा ट्रकांनी भरलेला होता आणि ते सायकलवर. मी येरझारा घालत होतो. झाड टेम्पोने आणून टेबलावर ठेवलेलं, अंगभर तार. मी वरच्या फांद्यांपासून सुरुवात केली.

तार कापून तुकडे करून काढायची असते. हे त्यांनी सांगितलं होतं आणि पक्कड समोर होती. पण मी लूमवर वाढलो. आमच्याकडे सूत तोडलं की कानाखाली बसायची. गुंता असला तरी बसून उकलायचा, सूत सलग ठेवायचं. माझ्या हातांनी ती तार उकलायला घेतली. वरच्या चार फांद्यांची निघाली, अख्खी, वेटोळं करून मी ती बाजूला ठेवली. ते वेटोळं बघून मला बरं वाटलं. मग मी खालची घेतली. ती काढायचीच नव्हती, पण एकटीच तारेत विचित्र दिसत होती. दोन वेढे आले. तिसऱ्याला तार सालीत रुतली होती. मी ओढली. बाहेर कंटेनर मागे घेत होते, भोंगा वाजत होता. आवाज काही आला नाही. फांदी बुंध्यापाशी फाटली आणि खालच्या सालीवर लोंबायला लागली.

आणि त्याच वेळी दारातून मॅडम आत आल्या, त्यांच्या मागोमाग मिस्त्री.

काय झालं ते कळायला मॅडमना क्षणही लागला नाही. "अरे देवा! हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. मिस्त्री माझ्या पुढून गेले, टेबलापाशी वाकले, दोन्ही तळव्यांनी ती फांदी बुंध्याशी दाबून धरली आणि म्हणाले, "माज्या हातनं गेली, बाई. पानी आना जरा. आनि कापड."

मॅडमनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, रुमाल दिला. आणि मग त्यांना चांगलं सुनावलं. या वयात हात थरथरत असतील तर असलं काम घेऊ नये, बाबा. इतक्या वर्षांचं झाड. जिवंत वस्तू आहे, यंत्र नाही. मिस्त्री मान खाली घालून "व्हय बाई, व्हय बाई" करत होते. त्यांचे हात थरथरत नव्हते. मी चाळीस फुटांवरून कुणाच्याही आई-बापाचा उद्धार करणारा माणूस, तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प होतो. मिस्त्रींनी रुमाल आवळला, त्यावर खिशातली ट्यूबची पट्टी बांधली, माझ्या हमालांकडून झाड उचलून टेम्पोत ठेववलं आणि गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. करार झाला. मॅडम जाताना म्हणाल्या, "त्या बाबांना रागावू नका हं. आधीच मेल्याहून मेलेत."

तो आठवडा मला झोप नव्हती. शुक्रवारी मी भांडायच्याच तयारीने गच्चीवर गेलो.

"मिस्त्री, तुम्ही खोटं का बोललात? मला तुमचे उपकार नको होते. मी सांगितलं असतं मीच मोडली."

"सांगितलं असतंस का?"

"सांगितलं असतं!"

"असंल." ते तार सोडवत होते. "तू खरं बोलला असतास तर ती तुला विचारत बसली असती, तू तिला सांगत बसला असतास. तू वरडनार, मंग ती वरडनार. ओली साल सुकाया किती येळ लागतो ठाव हाय? मी बोललो का इषय बंद. मला दोन हात मोकळे पायजे होते आनि तुमची तोंडं बंद."

मला ते समजायला वेळ लागला. "म्हणजे... माझा करार मोडू नये म्हणून नाही?"

"तुजा करार?" आता त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, खरंच आश्चर्याने. "न्हाय रं. तुज्यासाटी कशाला?"

ही माझी तक्रार आहे. माणसाने माझ्यासाठी काही केलं असतं तर मी ते फेडलं असतं, मला फेडता येतं. रागाने केलं असतं तर भांडलो असतो, तेही येतं. त्यांनी मला मधून काढूनच टाकलं. शिवी द्यायच्या लायकीचाही ठेवला नाही.

त्यानंतर मी दर शुक्रवारी गेलो. फांदी हिरवी होती. फेब्रुवारी संपला, हिरवी. मी जवळ जाऊन बघायचो, लांब जाऊन बघायचो, मोबाइलमध्ये फोटो काढून मागच्या शुक्रवारच्या फोटोशी ताडून बघायचो. मिस्त्रींना विचारलं तर "म्हायत न्हाय." माझ्या गोडाऊनात कंपनीचा माल येऊन पडला, लोक अभिनंदन करत होते, आणि मी गाडीत बसलो की गाडी कामतघरच्या रस्त्याला लागायची.

मिस्त्री त्याच पावसाळ्यात गेले. काही मोठा आजार नव्हता. दुपारी दुकानात पडले ते उठलेच नाहीत. झाडं त्यांच्या मुलीने अंबाडीला नेली. मोरपंखीही नेली. मी माझा वाटा मागायला गेलो नाही. सोडला आहे असंही मी तिला सांगितलेलं नाही.

त्याआधी मार्चअखेरीच्या एका शुक्रवारी मी गेलो तेव्हा फांदीचा रंग बदललेला होता. पिवळा नाही, तपकिरी नाही. खूप वेळा धुतलेल्या कपड्यासारखा. मिस्त्रींनी उलट्या बोटांनी पानं चाचपली, नखाने साल किंचित खरवडली. आत कोरडं. त्यांनी खालून छोटी करवत उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"तू काप."

"मला नाही येत."

"मोडाया आलं तुला." त्यांचा आवाज मी तेवढा वर गेलेला कधी ऐकला नव्हता. "आता काप!"

मी कापली. बोटभर जाडीची फांदी, पण लाकूड चिवट होतं, करवत अडकत होती. मिस्त्रींनी मदत केली नाही. भुशाला धूपासारखा वास होता. फांदी तुटून पत्र्यावर पडली. तिच्या जागी वीतभर खुंट उरला होता. मिस्त्रींनी पकडीने त्याची साल ओढून काढली. आतलं लाकूड पांढरंफटक. मग ते मोटारीच्या कवचावर बसले आणि खोकं हळूहळू फिरवायला लागले. थोडं फिरवायचं, मान कलती करून बघायचं, पुन्हा थोडं फिरवायचं. जी बाजू आजवर मागे होती ती पुढे आली. तिथे एक लहान फांदी होती, इतके दिवस कुणी न बघितलेली.

मी त्यांच्या डोक्यावर उभा होतो. तोंडातून निघायचं ते शेवटी निघालं.

"मिस्त्री, चुकलं माझं."

"सरक जरा, शेट," ते म्हणाले. "उजेड आडवलायस."

मी सरकलो. जिन्यापाशी जाऊन वळून बघितलं तेव्हा त्यांनी खोकं फिरवायचं थांबवलं होतं, आणि त्या लहान फांदीला खालून उलटी बोटं लावून ते कान तिच्याजवळ नेत होते.